गच्चीचा स्लॅब संगणकावर कसा तापवावा: उष्णतावहनाचे सिम्युलेशन आणि त्याच्या चाचण्या

मुंबईत इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला मे महिन्यात एक गोष्ट कोणी सांगावी लागत नाही. ऊन उतरल्यावरही छत तापलेलेच राहते, आणि रात्री पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते. दुपारी गच्चीवर पडलेली उष्णता काँक्रीटमधून खाली पोहोचायला किती तास लागतात, आणि गच्चीला पांढरा रंग दिला तर छतातून येणारी उष्णता किती कमी होते, या दोन प्रश्नांची उत्तरे शे-दीडशे ओळींच्या प्रोग्रॅमने घरच्या संगणकावर काढता येतात. हे सिम्युलेशन कसे लिहावे हे पुढे सांगितले आहे. मात्र लिहिण्यापेक्षा ते तपासण्यावर अधिक जागा खर्च केली आहे, कारण पडद्यावर उमटलेला आलेख बरोबर आहे की नाही हे आलेखाकडे पाहून कळत नाही.

साधने साधीच पुरतात. पायथन किंवा सायलॅब यांपैकी काहीही चालेल. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने अशा मुक्त साधनांचा अभियांत्रिकी महाविद्यालयांमध्ये प्रसार केला आहे. पहिल्या प्रयत्नासाठी एक्सेलसारखी तक्त्यांची प्रणालीसुद्धा पुरेशी आहे, कारण प्रत्येक आकडा डोळ्यांसमोर राहतो आणि चूक कुठे सुरू झाली ते दिसते.

प्रोग्रॅमच्या आधी कागद घ्यावा. स्लॅबची जाडी १५ सेंटीमीटर धरू. लांबी-रुंदी जाडीच्या मानाने पुष्कळ मोठी असल्यामुळे उष्णता फक्त वरून खाली वाहते असे मानता येते. भिंतीजवळच्या आणि तुळईजवळच्या पट्ट्यांत हे गृहीतक खरे नाही, पण खोलीच्या मध्यभागी ते चांगले लागू पडते. काँक्रीटची उष्णतावाहकता १.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश, घनता २४०० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता ९०० जूल प्रति किलो प्रति अंश धरावी. वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले की विसरणांक मिळतो. तो येथे ०.००६९४ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद एवढा येतो, आणि उष्णता किती वेगाने पसरते हे या एका आकड्यावर ठरते. खऱ्या स्लॅबमध्ये खडी, सळई आणि ओलावा यांमुळे हे गुणधर्म बदलतात, म्हणून ते प्रोग्रॅममध्ये विखरून न लिहिता सुरुवातीला एकाच ठिकाणी नावे देऊन लिहावेत.

आता स्लॅबचे एकेक सेंटीमीटरचे १५ भाग पाडावेत, म्हणजे वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांसह १६ बिंदू मिळतात. आतल्या प्रत्येक बिंदूभोवती एक सेंटीमीटर जाडीचा थर आहे अशी कल्पना करून, दोन्ही शेजाऱ्यांकडून त्यात किती उष्णता आली याचा हिशेब मांडला की पुढील सूत्र मिळते:

नवे तापमान = जुने तापमान + र × (वरच्या शेजाऱ्याचे तापमान + खालच्या शेजाऱ्याचे तापमान − २ × स्वतःचे तापमान)

यात र म्हणजे विसरणांक गुणिले कालपाऊल भागिले अंतराचा वर्ग. कालपाऊल ६० सेकंदांचे आणि अंतर एक सेंटीमीटरचे घेतले तर र = ०.४१६७. उजव्या बाजूची सगळी तापमाने आधीच्या क्षणाची असावीत, यासाठी जुन्या आणि नव्या तापमानांच्या दोन वेगळ्या याद्या ठेवाव्यात. एकाच यादीवर लिहीत गेल्यास वरच्या शेजाऱ्याचे नवे आणि खालच्या शेजाऱ्याचे जुने तापमान मिसळते. त्यातूनही उत्तर येते आणि ते गुळगुळीत दिसते, पण ते वेगळ्याच पद्धतीचे उत्तर असते.

सीमेवरच्या बिंदूंकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. पृष्ठभागावरच्या बिंदूच्या वाट्याला पूर्ण थर नसतो, अर्धाच, म्हणजे अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर असतो. त्याची उष्णताधारकता निम्मी असल्यामुळे तो दुप्पट वेगाने तापतो, आणि सूत्रात दोनचा गुणक येतो:

पृष्ठभागाचे नवे तापमान = जुने + २ × र × [शेजाऱ्याचे − स्वतःचे + ब × (बाहेरचे − स्वतःचे)]

येथे ब म्हणजे पृष्ठभागाचा उष्णतासंक्रमण गुणांक गुणिले अंतर भागिले वाहकता. गच्चीवरच्या उघड्या पृष्ठभागासाठी गुणांक २० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला तर ब = ०.१३३ येतो. छताच्या खालच्या बाजूस हवा संथ असते आणि गरम हवा छतालाच चिकटून राहते, म्हणून तिथे गुणांक ६ धरावा.

वरच्या बाजूचे ‘बाहेरचे’ तापमान म्हणजे केवळ हवेचे तापमान नव्हे, त्यात उन्हाचाही वाटा घ्यावा लागतो. शोषलेल्या सौर ऊर्जेला उष्णतासंक्रमण गुणांकाने भागून ते हवेच्या तापमानात मिळवले की सौर-हवा तापमान तयार होते. हवा ३४ अंश, ऊन ९०० वॅट प्रति चौरस मीटर आणि मळलेल्या काँक्रीटची शोषणक्षमता ०.७ धरली तर हे तापमान ६५.५ अंश येते. पांढऱ्या रंगासाठी शोषणक्षमता ०.३ धरली तर ४७.५ अंश. पृष्ठभाग स्वतः एवढा तापेलच असे नाही, कारण काही उष्णता खाली वाहून जाते. आकाशाकडे होणारे प्रारण येथे सोडून दिले आहे. मुंबईच्या दमट हवेत ते कोरड्या प्रदेशाइतके प्रभावी नसते, तरी ते शून्य नसते हे लक्षात ठेवावे.

उन्हाचा आलेख म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतची अर्धी ज्यालहर (साइन वेव्ह) पुरते, मात्र तिचा माथा दुपारी १२ वाजता ठेवणे चुकीचे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर, त्यामुळे मेच्या मध्यास येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. त्या दिवसांत तो अक्षरशः माथ्यावर असतो, कारण मुंबईचा शून्य सावलीचा पहिला दिवस मेच्या मध्यालाच येतो. ज्या उत्तरात आपण तासांची दिरंगाई मोजणार आहोत, त्यात ३५ मिनिटांची चूक सुरुवातीलाच पेरून ठेवू नये.

कालपाऊल ६० सेकंदांचेच का, याचे उत्तर स्थिरतेत आहे. वरील सूत्राला एक्स्प्लिसिट पद्धत म्हणतात, आणि तिच्यात र ०.५ पेक्षा मोठा झाला की शेजारशेजारच्या बिंदूंवर आलटून पालटून येणारी बारीक चूक प्रत्येक पावलाला वाढत जाते. आपल्या जाळीसाठी, म्हणजे एकेक सेंटीमीटरवरच्या बिंदूंसाठी, ही मर्यादा ७२ सेकंदांची आहे. सीमेवरच्या बिंदूची अट त्याहून कडक आहे. तिथे मर्यादा ७२ भागिले १.१३३, म्हणजे ६३.५ सेकंद एवढी येते. पाठ्यपुस्तकातली ०.५ ची मर्यादा पाहून ७० सेकंदांचे पाऊल घेणाऱ्याचा प्रोग्रॅम पृष्ठभागाच्या सूत्रावर बिघडू शकतो, आणि तो दोष मात्र आतल्या सूत्रात शोधत राहतो.

ही अस्थिरता स्वतः पाहण्यासारखी आहे. दोन्ही पृष्ठभागांचे तापमान ३० अंशांवर बांधून ठेवावे, आत एक गुळगुळीत फुगवटा द्यावा आणि पाऊल ९० सेकंदांचे घ्यावे. संगणक दशांशातील सुमारे सोळा अंक धरून ठेवतो. तिथली पूर्णांकनाची चूक प्रत्येक पावलाला साधारण दीडपट होत जाते. पहिल्या ४० पावलांत, म्हणजे सिम्युलेशनच्या पहिल्या तासात, काहीही वावगे दिसत नाही आणि तापमाने अगदी पटण्याजोगी असतात. शंभरेक पावलांच्या आत मात्र तीच चूक अंशभर होते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तापमाने हजारोंच्या घरात पोहोचतात. थोडा वेळ चालवून ‘ठीक दिसते आहे’ म्हणणे का धोक्याचे आहे, हे या प्रयोगाइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही पटत नाही.

चाचण्या

पहिली चाचणी अगदी साधी. सगळीकडे ३० अंश, बाहेरही ३० अंश, ऊन शून्य. दिवसभर चालवल्यानंतरही प्रत्येक बिंदू ३० वरच राहिला पाहिजे. चिन्हाच्या आणि क्रमांकाच्या चुका यात लगेच सापडतात.

दुसरी चाचणी अचूक उत्तर माहीत असलेल्या उदाहरणाची. दोन्ही पृष्ठभाग शून्य अंशांवर बांधावेत आणि सुरुवातीला मध्यभागी १० अंशांचा माथा असलेली अर्धी ज्यालहर द्यावी. या लहरीचा आकार बदलत नाही, ती फक्त घातांकी वेगाने विरत जाते, आणि एका तासानंतर तिचा माथा ३.३४० अंश उरला पाहिजे. १६ बिंदूंमुळे नेमक्या मध्यावर बिंदू येत नाही, म्हणून आतल्या कोणत्याही एका बिंदूचे तापमान त्याच्या सुरुवातीच्या तापमानाने भागून गुणोत्तर पाहावे. एक सेंटीमीटर अंतर आणि ६० सेकंदांचे पाऊल घेतल्यास माथा ३.३२० येतो, म्हणजे चूक ०.०२० अंशाची. अंतर अर्धे आणि पाऊल चौथाई, म्हणजे १५ सेकंदांचे केले की ३.३३५ येतो, चूक ०.००५. अंतर निम्मे केल्यावर चूक चौथाई व्हावी असे सिद्धान्त सांगतो, आणि ती तशी झाली. चूक लहान आहे एवढे पाहून थांबू नये. ती ज्या प्रमाणात कमी व्हायला हवी त्याच प्रमाणात कमी होते का हे पाहावे. सूत्रात लहानशी गफलत असेल तर जाळी कितीही बारीक केली तरी चूक एका आकड्यावर अडून बसते.

याच चाचणीत २४ सेकंदांचे पाऊल एकदा घेऊन पाहावे. तेव्हा र नेमका एक षष्ठांश होतो, काळातली आणि अंतरातली मुख्य चूक एकमेकींना छेदतात, आणि फरक दशांशाच्या चौथ्या स्थानाच्याही पलीकडे जातो. हे पाहताना मला आजही आनंद होतो. पण उन्हाचा आणि वाऱ्याचा पृष्ठभाग जोडला की हा लाभ टिकतोच असे नाही, म्हणून त्यावर विसंबून जाळी जाड ठेवू नये.

तिसरी चाचणी खऱ्या प्रश्नावरच करता येते, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. हवा २७ ते ३४ अंशांत ज्यालहरीने बदलते, ऊन १३ तास आहे आणि त्याचा माथा ९०० वॅट आहे, खोली ३० अंशांवर स्थिर आहे, असे धरावे. सिम्युलेशन चार-पाच दिवस चालवले की सुरुवातीच्या तापमानाचा प्रभाव पुसला जातो आणि रोजचा आलेख आदल्या दिवसासारखा येऊ लागतो. या अवस्थेत दिवसाच्या सरासरीला स्लॅबची साठवणूक लागू होत नाही. दिवसाचे सरासरी ऊन ३१०.४ वॅट, शोषणक्षमता ०.७, म्हणून सरासरी सौर-हवा तापमान ४१.३६ अंश, वरचा पृष्ठभाग, काँक्रीट आणि खालचा पृष्ठभाग यांचे रोध (पृष्ठभागासाठी एक भागिले गुणांक, काँक्रीटसाठी जाडी भागिले वाहकता) ०.०५, ०.१० आणि ०.१६७ मिळून ०.३१७. सरासरी सौर-हवा तापमान आणि खोलीचे ३० अंश यांतील फरकाला या एकूण रोधाने भागले की छतातून खाली येणारी सरासरी उष्णता ३५.९ वॅट प्रति चौरस मीटर मिळते. पांढऱ्या रंगासाठी हाच हिशेब १६.३ देतो. प्रोग्रॅमने २४ तासांची काढलेली सरासरी या आकड्यांशी जुळलीच पाहिजे, आणि जाळी जाड असली तरी जुळली पाहिजे, कारण सरासरी अवस्थेत तापमान सरळ रेषेत उतरते आणि सरळ रेषा पंधरा भागांतही तंतोतंत मांडता येते. म्हणजे येथे तफावत आली तर दोष जाळीचा नसून प्रोग्रॅमचाच असतो. गच्चीला पांढरा रंग दिल्याने काय होईल याचे निम्मे उत्तरही या कागदी हिशेबातच मिळून जाते.

आता या तिन्ही चाचण्या कशाला आंधळ्या आहेत ते पाहावे. समजा पृष्ठभागाच्या बिंदूला कोणी अर्ध्याऐवजी पूर्ण थर दिला, म्हणजे सूत्रातला दोनचा गुणक विसरला. पहिल्या चाचणीत सगळे समान असल्यामुळे काही दिसणार नाही. दुसरीत पृष्ठभागांचे तापमान बांधलेले असल्यामुळे ते सूत्र वापरलेच जात नाही. तिसरीत सरासरीचा साठवणुकीशी संबंध नसल्यामुळे ३५.९ हाच आकडा बरोबर येईल. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका प्रोग्रॅममध्ये हीच चूक राहिली होती आणि तिन्ही चाचण्यांतून ती निसटली होती. आलेखातली दिरंगाई हाताच्या हिशेबापेक्षा सतत जास्त येत होती, एवढ्यावरून पुढे ती सापडली.

म्हणून चौथी चाचणी करावी. खालचा पृष्ठभाग पूर्ण बंद करावा, म्हणजे त्याचा ब शून्य ठेवावा, आणि वरून स्थिर १०० वॅट प्रति चौरस मीटर उष्णता द्यावी. स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरची उष्णताधारकता ३,२४,००० जूल प्रति अंश आहे, आणि तासाभरात ३,६०,००० जूल आत येतात. सुरुवातीचा काही वेळ गेल्यावर प्रत्येक बिंदूचे तापमान ताशी १.१११ अंशाने चढले पाहिजे. पृष्ठभागांना चुकून पूर्ण थर दिला असेल तर संगणकातला स्लॅब १५ ऐवजी १६ सेंटीमीटरचा होतो आणि चढण ताशी १.०४२ अंश येते. ज्या चुकीने तीन चाचण्या चुकवल्या ती चौथीत एका आकड्यात पकडली जाते. नवी चाचणी निवडताना ती कोणते सूत्र वापरते आणि कोणते वापरत नाही, हे चाचणीच्या शेजारीच टिपणीत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

दिरंगाईचा हिशेबही हाताने ताडून पाहता येतो. खूप जाड काँक्रीटच्या पृष्ठभागावर २४ तासांची ज्यालहर दिली तर ती आत जाताना १३.८ सेंटीमीटरला आपल्या उंचीच्या ३७ टक्क्यांवर येते आणि प्रत्येक सेंटीमीटरला साडेसोळा मिनिटांनी मागे पडते; १५ सेंटीमीटर खोलीवर ती ४ तास ९ मिनिटे मागे असते. प्रोग्रॅममध्ये जाडी तात्पुरती दीड मीटर करून, खालचा बिंदू सरासरी तापमानावर बांधून, दहा दिवस चालवून हे आकडे मिळतात का ते पाहावे. आपल्या खऱ्या १५ सेंटीमीटरच्या स्लॅबमध्ये दोन्ही पृष्ठभागांवरचे रोध मिसळल्यामुळे सौर-हवा तापमानापासून छताच्या खालच्या बाजूपर्यंत याच लहरीची दिरंगाई सुमारे ४ तास ३५ मिनिटे येते.

पाऊल मोठे करायचे असल्यास

अंतर निम्मे केले की एक्स्प्लिसिट पद्धतीत पाऊल चौथाई करावे लागते, म्हणून काम आठपट होते. स्लॅबसारख्या एकमितीय प्रश्नात त्याचे ओझे वाटत नाही, पण पत्र्याचा अर्ध्या मिलिमीटरचा थर मध्ये आला की पाऊल सेकंदाच्या अगदी लहान अंशावर येते. अशा वेळी इम्प्लिसिट पद्धत घ्यावी, ज्यात शेजाऱ्यांची नवी तापमाने वापरली जातात आणि प्रत्येक पावलाला समीकरणांचा संच सोडवावा लागतो. हा संच त्रिकर्णी असतो, म्हणजे प्रत्येक समीकरणात फक्त स्वतःचे आणि दोन शेजाऱ्यांचे तापमान येते, तो थॉमस रीतीने एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर जाऊन सुटतो, त्यासाठी पूर्ण मॅट्रिक्स साठवण्याची गरज नसते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती २०४८ शब्दांची होती. आपला १६ बिंदूंचा स्लॅब तीतही सहज मावला असता.

जॉन क्रँक आणि फिलिस निकल्सन यांनी १९४७ मध्ये मांडलेली, जुन्या आणि नव्या तापमानांची सरासरी घेणारी पद्धत काळातही दुसऱ्या क्रमाची अचूक आहे, म्हणजे पाऊल निम्मे केले की काळातली चूक चौथाई होते, आणि ती कोणत्याही पावलाला फुटत नाही. पण न फुटणे आणि बरोबर असणे यांत अंतर आहे. पाऊल फार मोठे घेतले तर अचानक बदलानंतर तिच्यात वरखाली हिंदकळणारी तापमाने दिसतात आणि ती हळूहळूच विरतात. गच्चीवर पावसाची पहिली सर पडते तसा धक्का प्रश्नात असेल, तर त्या क्षणानंतरची काही पावले पूर्ण इम्प्लिसिट पद्धतीने, लहान पाऊल घेऊन टाकावीत.

वेळ मोजताना तासाचा साठावा भाग पुन्हा पुन्हा मिळवत जाऊ नये. ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही, आणि ‘वेळ २४ झाली का’ ही अट कधीच खरी ठरत नाही असे घडते. पावलांची पूर्णांक संख्या मोजावी आणि वेळ तिच्यावरून गुणाकाराने काढावी.

खऱ्या गच्चीकडे

मुंबईच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर नुसता स्लॅब नसतो. त्यावर जलरोधनासाठी विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा कोबा घातलेला असतो, आणि त्याची जाडी उतारानुसार बदलते. कोब्याची वाहकता काँक्रीटहून वेगळी असल्यामुळे दोन थरांच्या सीमेवर वाहकतांची साधी सरासरी घेऊ नये. दोन्ही बाजूंचे रोध मिळवून त्यावरून वाहकता काढावी, म्हणजे सीमेवरून उष्णता हरवत नाही. हा थर १० सेंटीमीटरचा आणि विसरणांक काँक्रीटइतकाच धरला तरी प्रति सेंटीमीटर साडेसोळा मिनिटांच्या हिशेबाने दिरंगाईत पावणेतीन तासांची भर पडते, आणि छताचा सर्वांत गरम क्षण सूर्यास्ताच्याही पुढे सरकतो.

शेवटी मोजमाप घ्यावे. स्पर्शाविना तापमान दाखवणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने, छतावरच्या एकाच खुणेवर, एकाच अंतरावरून, दर तासाला नोंद करावी. एसी बंद ठेवावा आणि पंख्याची गती बदलू नये. प्रोग्रॅमचा आलेख आणि नोंदी यांत सरासरीचा फरक असेल तर शोषणक्षमता आणि पृष्ठभागांचे गुणांक तपासावेत. सरासरी जुळून फक्त वेळ चुकत असेल तर कोब्याची जाडी आणि विसरणांक आधी तपासावेत, आणि आकडे जुळवण्यासाठी दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलू नयेत.